ऑक्टोबरचं तेल

८ नोव्हेंबर

आर्मास,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, म्हणजे एक तर तुझा राग निवलाय, नाही तर त्या अ‍ॅरिझोनात तुला दुसरं काही वाचायला मिळत नाही. आईच्या दफनाला तू आला नाहीस, मी फोनवर तुला नको नको ते बोललो, आणि तिथेच आपलं बोलणं संपलं. ते सगळं आज उकरून काढत नाही. मला तुझी गरज आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला सकाळपासून कॉफीची अख्खी किटली लागली, तेव्हा त्यावर हसू नकोस.

आपली इर्या विधवा झाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दिवस मावळताना. तिचा नवरा लाइल गाडी घेऊन निघाला आणि जुन्या धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्याने थेट खाली गेला. तो धक्का तुला आठवत असेल, आजोबा जिथे बोटींत खनिज भरायचे तो. त्याच्या काँक्रीटच्या खांबावर गाडी आदळली. लाइल जागीच गेला. शेरिफचा माणूस आला, रस्त्यावर चाकं घासल्याची खूण नाही हे त्याने पाहिलं, गाडीचं वय पाहिलं आणि म्हणाला, "जुनी गाडी. ब्रेक गेले असणार." झालं. त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं.

ती गाडी माझी होती रे. तू इथून गेलास त्या वर्षी मी घेतलेली ती निळी सेडान. लग्नात मी ती पोरांना दिली. तिच्या खिडक्या दारात घसरून पडायच्या, छताचं कापड लोंबायला लागलं तेव्हा इर्याने त्याला टाचण्या मारल्या, पण इंजिन असं की गाडी सडून त्याच्याभोवती गळून पडेल आणि ते आपलं चालूच राहील. इर्या गेली दोन वर्षं म्हणत होती, "बाबा, आता विकून टाकू." मी म्हणायचो, "मी आहे ना! मी आहे तोवर तिला काही होत नाही." लाइलही माझ्याच बाजूचा. खाण बंद झाल्यापासून नवीन गाडी घेणार तरी कुठून तो?

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. वेलदोड्याच्या निसू पावाचे तुकडे ताटात होते, सगळं गाव होतं, आणि माझ्या पोरीने सगळ्यांसमोर मला सांगितलं, "बाबा, तुमच्या गाडीने त्याला मारलं." त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. हेल्मीला, माझ्या नातीला, खिडकीतून बघायचं आणि पुढे जायचं, एवढंच माझ्या हातात उरलंय.

मी गाडी ओढून माझ्या गॅरेजमध्ये आणली आहे. ब्रेक गेले होते की नाही, हे मला कळलंच पाहिजे. इन्शुरन्सवाल्यांसाठी तू आयुष्यभर असल्या चेपलेल्या गाड्या तपासल्यास. कुठून सुरुवात करू तेवढं सांग. बाकी शिव्या नंतर घाल.

विल्हो

१६ नोव्हेंबर

आर्मास,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी आपला भिंतीशी बोलतो असं समजून लिहितो.

काल हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला. गावातले सगळे पुरुष रानात आहेत, रस्त्यावर कुत्रंही नाही. मी एकटा गॅरेजमध्ये गाडीखाली पाठीवर पडलोय. ती मी खाली ओंडके लावून उचलून धरली आहे.

तिकडे वाळवंटात तुला मीठ फक्त जेवणात दिसत असेल. इथे बर्फ वितळायला ते अजून ट्रक भरभरून रस्त्यावर ओततात, आणि गाड्या खालून खाल्ल्या जातात. म्हणून मी अजूनही दर ऑक्टोबरात बाबांसारखं करतो. गाडी उचलायची, तळाला जुनं इंजिनतेल फवारायचं आणि तेल ओलं आहे तोवर ती कच्च्या रस्त्यावरून धुरळा उडवत पळवायची. धूळ बसते, कवच तयार होतं. तू हसायचास, "विल्हो गाडीला डांबराचा झगा शिवतो" म्हणायचास. पण अर्धं गाव माझ्याकडे गाड्या आणतं. आणतं कसलं, आणायचं. यंदा लाइल गेल्यानंतर कोणीच आलं नाही. शेजारच्या कैनुलाइनेनने तर परगावी जाऊन तेल मारून घेतलं, आणि मला बघून मान दुसरीकडे वळवली. इतकी वर्षं त्याच्या पिकअपखाली मी पाठ घासली!

तर ऐक. तिची ब्रेकची नळी मी इंच इंच पुसून पाहिली. पुढे जिथे सगळं चेपलंय तिथे नाही सांगता येत, पण खालची, मागे जाणारी, जी नेहमी आधी सडते ती, आत्ता दुकानातून आणल्यासारखी आहे. गंज नावाला नाही. मी तिथे पडल्या पडल्या मोठ्याने हसलो. एकट्याने.

आता दुसरं सांगतो, त्यावर तू हसलास तरी चालेल. चालकाची सीट विजेवर चालते. दारात दोन बटणं आहेत, एक लाइलचं, दोन इर्याचं. बटण दाबलं की सीट त्या माणसाच्या मापाला जाऊन थांबते. दिवे तपासायला मी दुसरी बॅटरी जोडली होती, आणि कोपर लागून दोन नंबर दाबलं गेलं. सीट कुरकुरत पुढे आली, इर्या बसायची तशी, अगदी स्टिअरिंगला चिकटून. मी घाबरून एक नंबर दाबलं. सीट हळूहळू मागे गेली. तिने लाइलच्या लांब पायांना जागा करून दिली आणि थांबली.

मी तिथेच उभा राहिलो. मला खरंच वाटलं, आता दार लावल्याचा आवाज येईल.

तेव्हापासून मी रोज एकदा ते बटण दाबतो. कशाला, मला विचारू नकोस. सीट मागे जाते आणि मी विचारतो, "काय रे लाइल, कॉफी घेणार?" काल बॅटरी सोडवून ठेवलेली असताना मला दार उघडं असल्याची घंटी ऐकू आली. टिंग, टिंग. तारा माझ्या हातात होत्या, आर्मास. मी बाहेर बर्फात जाऊन उभा राहिलो आणि पाय गारठल्यावरच आत आलो. मला भीती वाटते. या वयात गाडीची भीती वाटते, आणि ती गाडीही माझीच.

विल्हो

२ डिसेंबर

आर्मास,

तुझं कार्ड आलं! त्यावर निवडुंगाचं चित्र आणि मागे एवढंच: "मागचे दिवे काढ. बल्बमधली ब्रेकची तार बघ. मग लिही." ना कसा आहेस, ना बरा आहेस. लाकडाचा ओंडका बरा तुझ्यापेक्षा. तरी मी ते कार्ड स्वयंपाकघरात लावून ठेवलंय.

बल्ब उद्या बघतो. कारण मला आता गरजच नाही त्याची! भंगारवाल्याकडून तसल्याच दुसऱ्या गाडीचा ब्रेकचा पंप आणला, चेपलेल्या पंपाच्या जागी बसवला, तेल भरलं आणि पेडल दाबलं. दगड! पाय खाली जाईना. मागची दोन्ही चाकं अशी पकडली की मला फिरवता आली नाहीत. पुढची नळी चेपली आहे पण फुटलेली नाही. तिच्यात तेल अजून ओलं होतं. ब्रेक शाबूत होते, आर्मास. माझी गाडी शाबूत होती. मी त्याला मारलं नाही.

मी तसाच, हात न धुता, इर्याच्या घरी गेलो. दार ठोठावलं. ती दाराच्या साखळीमागे उभी होती. किती वाळलीय पोर! डोळ्यांखाली नुसती काळी वर्तुळं. झोपत नाही ती. मी म्हटलं, "इर्या, ऐक तरी, मी ब्रेक तपासले..."

तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाली, "बाबा, त्या दिवशी त्याने हेल्मीची ती पट्ट्यांची छोटी सीट गाडीतून काढून पोर्चमध्ये ठेवली होती. का ठेवली असेल?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

"वर तिचं पांघरूण घडी करून ठेवलं होतं," ती म्हणाली. "लाइलने आयुष्यात कधी पांघरुणाची घडी केली नव्हती." आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं, पोरीचं डोकं दुःखाने भरकटलंय. माझ्याकडे एवढी मोठी बातमी, आणि ही पांघरुणाचं काय घेऊन बसली! उद्या परत जातो. उद्या तिला बसवून सगळं नीट सांगतो. हेल्मीसाठी निसू पाव घेऊन जाईन, भरपूर वेलदोडा घातलेला, तिला आवडतो तसा.

विल्हो

४ डिसेंबर

आर्मास,

मी गेलो नाही.

बल्ब काढले. तू ते कार्ड लिहिलंस तेव्हाच तुला संशय आला होता, नाही का? म्हणूनच दोन ओळींत आटोपलंस.

एका बल्बमध्ये दोन तारा. बारीक तार साध्या मागच्या दिव्याची. संध्याकाळ होती, दिवे लावलेले होते, ती तार तापलेली होती, आणि आदळताना ती ताणली जाऊन लोंबली आहे, शिजलेल्या शेवईसारखी. दुसरी, जाड, ब्रेकची. ती सरळ आहे. तिचा एकही वेढा हललेला नाही. दोन्ही बाजूंना तेच. मागच्या काचेतल्या उंच दिव्यातही तेच, आणि तो तर फक्त ब्रेकचाच असतो. तार थंड होती. पेडलला पाय लागलाच नव्हता.

ब्रेक गेले नव्हते. ब्रेक कोणी मागितलेच नव्हते.

मी दिवसभर स्वतःला समजावत होतो, की झोप लागली असेल त्याला. माणूस पेंगतो. मग आज सकाळी मी त्या रस्त्याने चालत गेलो. मधे वळण आहे, आठवतं? आपण तिथे घसरगाडीवरून पडायचो. पेंगलेला माणूस त्या वळणावरून सरळ झाडांत गेला असता. लाइलने वळण नीट घेतलं. मग रस्ता सरळ होतो आणि समोर खांब दिसतो, आधीपासून, लांबूनच.

आणि पोर्चमध्ये पोरीची सीट. घडी केलेलं पांघरूण.

खाण बंद झाल्यापासून तो कमी बोलायला लागला होता. सौनाच्या वाफेत माझ्या शेजारी बसायचा आणि तापलेल्या दगडांकडे बघत राहायचा. मला ते आवडायचं. मी म्हणायचो, चला, एक तरी जावई मिळाला जो बडबड करत नाही. आपल्याकडे गप्प माणसाला कोण विचारतं की बाबा रे, तुला काय होतंय? आपण सगळेच गप्प. बाबा गप्प, तू गप्प, मी तेवढा गाड्यांशी बोलतो.

मी त्याला शिव्या दिल्या. त्या सीटकडे बघून खूप ओरडलो. "हरामखोरा, माझ्याकडे यायचंस की! माझ्या गॅरेजात यायचंस!" मग मला रडू आलं. तो माझ्या मुलासारखा होता, आर्मास. ती सीट अजून त्याच्या मापाला थांबलेली आहे. बटण दाबायची आता माझी हिंमत होत नाही.

मला जे हवं होतं ते मिळालं. मी निर्दोष आहे. माझी गाडी निर्दोष आहे. हे घेऊन मी कुठे जाऊ?

विल्हो

१८ डिसेंबर

आर्मास,

हे पत्र नीट वाच. दोनदा वाच. मग चुलीत घाल. आणि तुझ्याकडे चूल नसते हे मला माहीत आहे, तेव्हा फाडून टाक.

परवा दुपारी इर्या गॅरेजमध्ये आली. हेल्मीला शेजारी ठेवून आली होती. मी दिवे परत बसवून गाडीवर ताडपत्री टाकली होती. ती गाडीकडे बघत उभी राहिली. हातमोजेही काढले नाहीत.

"तुम्ही ब्रेक तपासले म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

आर्मास, मी आयुष्यात गाडीबद्दल खोटं बोललो नाही. बायकोशी बोललो, पाद्र्याशी बोललो, कर गोळा करणाऱ्याशी तर दर वर्षी बोलतो. पण गाडीबद्दल कधीच नाही. तोंड उघडलं तेव्हासुद्धा मला माहीत नव्हतं मी काय बोलणार. मी तिच्याकडे बघितलं. ती आता गाडीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. मला एकदम कळलं, की माझ्या गाडीने लाइलला मारलं हे ती सगळ्यांना सांगत होती ते तिला खात्री होती म्हणून नाही. तिला ते तसं असायला हवं होतं.

मी म्हटलं, "तू बरोबर होतीस. नळी सडली होती."

"कुठे?"

भिंतीवर खिळ्याला कोणाच्या तरी जुन्या पिकअपची नळी लटकत होती, पार चाळणी झालेली. ती काढून मी तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांत धरली. गंजाचा लाल भुगा तिच्या मोज्यांवर पडला.

"म्हणजे त्याने ब्रेक दाबला होता?" तिने विचारलं. "बाबा, दाबला होता ना त्याने?"

"दाबला होता," मी म्हटलं. "पार जमिनीपर्यंत. जिवाच्या आकांताने दाबला होता बिचाऱ्याने. पण नळीत तेलच उरलं नव्हतं."

ती खाली बसली. तिथेच, तेलकट जमिनीवर. मग मान वर करून म्हणाली, "आणि सीट? हेल्मीची सीट का काढली त्याने?"

बघ, खोटं एकदा सुरू झालं की ते स्वतःच रस्ता काढतं. मी म्हटलं, "ते माझ्यामुळे. तो माझ्याकडेच येत होता. ऑक्टोबरचं तेल मारायला मीच बोलावलं होतं त्याला. म्हटलं, पोरीची सीट आणि पांघरूण घरी ठेवून ये, इथे सगळं तेलाने बरबटतं. नळी अशक्त झाली आहे हे मला उन्हाळ्यातच दिसलं होतं, इर्या. मी म्हटलं, अजून एक हिवाळा निघेल. धक्क्याच्या उतारावर एकदा ब्रेक जोखून मग ये, असंही मीच सांगितलं होतं."

तू इतक्या गाड्या तपासल्या आहेस, तुला यात भोकं दिसतील. तिला दिसली नाहीत. तिला बघायचीच नव्हती.

ती रडली. ती रडते आहे हे बघून मला बरं वाटलं, असं कोणता बाप लिहील? पण मला वाटलं. दफनाच्या दिवशी ती रडली नव्हती. दगडासारखी उभी होती. परवा ती लहानपणी रडायची तशी रडली, हुंदके देत, नाक गळत. म्हणाली, "तो परत येणार होता. तो येणार होता घरी." मी म्हटलं, "अर्थात येणार होता. जेवायला येणार होता."

मी तिला हात द्यायला पुढे झालो तेव्हा तिने माझा हात झटकला. उठली. म्हणाली, "मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही बाबा. हेल्मीलाही मोठी झाल्यावर सांगेन." आणि गेली.

पण चालताना तिची पाठ सरळ होती. काल तिच्या शेजारणीने दुकानात मला ऐकू जाईल असं कोणाला तरी सांगितलं, की इर्या परवा संध्याकाळी जी झोपली ती सकाळी उशिरापर्यंत उठली नाही. आणि मग म्हणाली, की असल्या म्हाताऱ्याच्या हाती गाडी सोपवू नये, जिवंत माणूस तर दूरच. मी ब्रेड घेतला आणि घरी आलो. गॅरेजवरची पाटी काढली आहे. तशीही यापुढे कोणी येणार नव्हतं. गाडी उद्या भंगारात जाईल. चांगली नळी मी करवतीने कापून तुकडे तुकडे करून वेगवेगळ्या डब्यांत टाकली. बल्ब हातोड्याने फोडले. एवढ्या चांगल्या तारा मी कधी फोडल्या नव्हत्या.

आता तुझं काम. जाताना इर्या दारात थांबून म्हणाली, "मी आर्मासकाकांना विचारणार आहे. त्यांना कळतं यातलं. तुम्ही त्यांना लिहिलंय ना?" मी हो म्हटलं, काय करणार? तुझं कार्ड तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं असेल, किंवा नसेल. ते मी जाळलंय. ती नाताळच्या आधी तुला फोन करील. आधी हवापाण्याचं बोलेल, मग विचारेल.

तू तिला सांग, की विल्होने मला सगळं लिहिलं होतं. नळी सडली होती. पेडल जमिनीला टेकलेलं होतं. बल्बची तार ताणलेली होती, दोन्हीकडची, म्हणजे लाइलने शेवटपर्यंत ब्रेक दाबून धरला होता. तार ताणली म्हणजे काय होतं ते तिला नीट समजावून सांग, तुला ते माझ्यापेक्षा चांगलं सांगता येईल, आणि तुझ्यावर तिचा विश्वास बसेल.

मग ती म्हणेल, बाबांचीच चूक ना? तेव्हा तू माझा भाऊ आहेस हे तुला आठवेल. या पत्रांमुळे तुला माझी कीवही आली असेल. तू म्हणशील, म्हातारा झालाय तो, होतं असं कधी कधी. तसं म्हणू नकोस. हो म्हण. नळी बदलायला हवी होती आणि त्याने बदलली नाही, असं स्पष्ट म्हण. माझ्या बाजूने एक शब्दही बोलू नकोस.

विल्हो